आमच्या घरातले येकुतिएलबुवा

२ मार्च

आजपासून आमच्या घरात तीन माणसं. मी, गुरुनाथ आणि रब्बी येकुतिएल. तिसऱ्याला जाऊन साडेतीनशे वर्षं झाली, पण दुसऱ्यापेक्षा बराच बोलका आहे!

झालं असं. डिसेंबरात कंपनीने गुरुनाथला केक कापायला लावला आणि घरी पाठवलं. जन्मभर डेटाबेस सांभाळलेला माणूस, तेव्हापासून सोफा सांभाळतोय. आणि या बुधवारी अचानक उठून लायब्ररीत गेला — आपणहून! इतकी वर्षं अमेरिकेतल्या या डब्लिनमध्ये काढली, पण लायब्ररी कुठल्या रस्त्यावर आहे हे त्याला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. तिथे त्याला हर्ब भेटला. हर्ब म्हणजे ऐंशीचा रिटायर्ड डेंटिस्ट, ज्यू, दोन्ही कानांत मशीन. त्यांच्यात म्हणे पोथी एकट्याने वाचत नाहीत. जोडीने बसायचं, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने विरोध करायचा, तोही आवाज चढवून. हर्बचा जोडीदार गेल्या वर्षी वारला. तो नवा शोधत होता आणि आमचा हा कायद्याच्या पुस्तकांपुढे हरवल्यासारखा उभा. सापडला!

तर हे येकुतिएल म्हणजे ज्यूंचे शास्त्रीबुवा, मोरावियातले, म्हणजे आताच्या चेकमधले. आपल्याकडे शिवाजीमहाराज होते तेव्हा तिकडे हे होते. आयुष्यभराचा विषय एकच — घटस्फोटाचा कागद कसा लिहावा. हर्बच्या काकांनी पोथीचं इंग्रजी करून टाइप करून ठेवलंय. हर्ब ते एकेक प्रकरण देतो, रेशनच्या साखरेसारखं. विषय ऐकून माझा घास घशात अडकला. गुरुनाथने वर बघितलंसुद्धा नाही.

घास अडकायला कारण आहे. ते फक्त इथेच लिहिते. माझ्या कंपनीने मला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूच्या ऑफिसात बोलावलंय. अनिका तिथेच आहे. तिच्या मैत्रिणीची जागा ऑगस्टअखेर रिकामी होतेय. घटस्फोट-बिटस्फोट काही नाही. नुसतं जायचं, आणि परत यायचं नाही. गेल्या रविवारी अनिकाने त्या जागेचा फोटो मला पाठवायचा तो चुकून घरच्या ग्रुपवर टाकला — ‘मॉम, लव्ह धिस बाल्कनी!’ तिने लगेच डिलीट केला. गुरुनाथने तो ग्रुप कधीचाच म्यूट करून ठेवलाय. वाचले!

का जायचं? तो मारत नाही, पीत नाही, ओरडत नाही. तो विचारत नाही. ‘चार्जर कुठाय’, ‘दूध संपलं का’ हे प्रश्न नव्हेत, ती शोधाशोध. सांगलीला आई गेली तेव्हा याने विचारलं, ‘फ्लाइट किती वाजता आहे?’ आणि व्यवस्थित, वेळेआधी एअरपोर्टवर नेऊन सोडलं. विमान चुकलं नाही. मी अख्खा प्रवास खिडकीकडे तोंड करून रडले आणि तेव्हाच काहीतरी तुटलं.

म्हणून स्वतःशी एक अट घातलीय. निघेपर्यंत त्याने मला माझ्याबद्दल एक प्रश्न विचारावा. एकच! कशी आहेस, काय हवंय तुला, काहीही. विचारला तर सगळं कॅन्सल.

९ मार्च

जेवताना नद्या. येकुतिएलबुवांच्या मते घटस्फोटाच्या कागदावर नवरा-बायकोच्या नावांबरोबर गावाचं नाव हवं आणि ते गाव ज्या नदीवर वसलंय त्या नदीचंही. नदी चुकली तर कागद रद्द! म्हणून बुवा म्हातारपणापर्यंत गावोगाव हिंडून कोळ्यांना, धोबिणींना विचारत फिरले — बायांनो, या पाण्याला तुम्ही काय म्हणता?

गुरुनाथचे डोळे चमकत होते. म्हणाला, “शुभा, म्हणजे नदी ही प्रायमरी की आहे, तिच्याशिवाय रेकॉर्डच ओळखता येत नाही!”

लग्नात माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

३० मार्च

पाडवा. संग्राम-हिमानी या इथल्या मित्रांकडे जेवण. वाटलं होतं, चारचौघांत तरी बुवा घरी राहतील. छे! श्रीखंड वाढायच्या आत गुरुनाथ सुरू. संग्रामने अपेक्षेप्रमाणे विनोद केलाच — “रब्बी झाला, आता खरीप कधी?” आणि स्वतःच हसला. या गावात शोभेसाठी माणसाएवढ्या सिमेंटच्या कणसांचं शेत बांधून ठेवलंय, म्हणजे पिकांचं ज्ञान आम्हा सगळ्यांना आहेच.

गुरुनाथला विनोद कळला नाही. तो समजावत राहिला, की या लोकांत विद्वानाला त्याच्या पोथीच्या नावाने ओळखतात, माणसाचं नाव मागे पडतं. येकुतिएलांची पोथी ‘नद्यांचं दार’, म्हणून त्यांनाही नद्यांचं दारच म्हणतात. हिमानी मला स्वयंपाकघरात म्हणाली, “यार, ही इज सो पॅशनेट! माझा नवरा फक्त टेस्लाबद्दल बोलतो.” मी म्हटलं, घेऊन जा, फ्री डिलिव्हरी. ती हसली. मीही हसले. मग सिंकशी उभी राहून बराच वेळ एकच वाटी घासत बसले.

गुरुनाथला पोथीच्या नावाने हाक मारायची तर कुठली पोथी? ‘पासवर्ड विसरलो’!

१९ एप्रिल

बुवांना बायको होती! आज कळलं. नाव फ्रुमेट. जत्रांमधून पिसं विकायची — उशा-गाद्यांची पिसं, बदकांची. मुलं तिने वाढवली, भाडं तिने भरलं, शाई तिने आणली. आणि बुवा? बुवा खुर्चीत बसून जगाच्या बायकांचे प्रश्न सोडवत होते. एवढ्या जाड पोथीत तिचं नाव किती वेळा येतं विचारलं, तर गुरुनाथ म्हणाला, “इथवर एकदाच. एका बदकाच्या संदर्भात.”

बदकाचं असं की एका बाईने कापलेल्या बदकाच्या पोटात खिळा निघाला, खावं की टाकावं? बुवांनी घटस्फोट बाजूला ठेवून त्यावर नऊ पानं लिहिली. बदक फ्रुमेटने विकलं होतं, एवढाच तिचा संबंध.

फ्रुमेटबाई, मी तुमच्या पार्टीत.

११ मे

मदर्स डे. अनिकाचा फोन, फुलं, सगळं साग्रसंगीत. गुरुनाथने नाश्त्याला पुन्हा खिळा काढला. बदक अजून शिजायचंय.

७ जून

हर्ब बाथरूममध्ये पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता कित्येक आठवडे रिहॅबमध्ये. गुरुनाथ हॉस्पिटलात जाऊन आला आणि सोफ्यावर बसून राहिला. टीव्ही बंद, फोन बाजूला. मला खरंच वाईट वाटलं. मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

चहा संपवून म्हणाला, “शुभा, तू बसशील का माझ्यासमोर?”

प्रश्न! मग पुढे म्हणाला, “एकट्याने वाचता येत नाही ना ते. हर्ब येईपर्यंत फक्त. तू विरुद्ध बाजू घ्यायची.”

हा धरायचा का? नाही. हा रिकाम्या खुर्चीबद्दल होता. पण हो म्हटलं. विरुद्ध बाजूची प्रॅक्टिस मला भरपूर आहे.

१५ जून

बसलो. जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर, मध्ये हर्बच्या काकांची पानं.

आजचा प्रश्न: एका दर्यावर्दी नवऱ्याचं जहाज बुडालं, प्रेत मिळालं नाही. बायकोने पुन्हा लग्न करावं का? गुरुनाथ म्हणे पुरावा हवा. मी म्हटलं, पुरावा कसला, जो माणूस घरी येत नाही, बोलत नाही, तो असला काय आणि नसला काय! तो म्हणाला, “पण बुवा त्या बाईसाठी तीन बंदरं पालथी घालतात. एका खलाशाने त्याला बुडताना बघितलंय, तो खलाशी ते शोधून काढतात. तिला मोकळं करायला.” मी म्हटलं, आणि तोवर ती बाई काय खाते? पिसं?

आवाज चढले. त्याने टेबलावर हात आपटला. मीही आपटला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं! आणि एकदम दोघंही हसलो.

हे लिहायला नको वाटतंय, पण मजा आली. नवऱ्याशी इतकं बोलायला मला मध्ये एक मेलेला माणूस लागला.

२९ जून

पुन्हा बसलो. हरले. पुढच्या रविवारी बघते.

१३ जुलै

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

प्रकरण शेवटाकडे आलंय. हर्बने दिलेल्या पानांतलं शेवटचं पान. बुवांचा एक नियम. गुरुनाथने इंग्रजी वाचलं, मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं — जिने जायचं मनात पक्कं केलंय, तिला नवऱ्याने काही विचारू नये. प्रश्न ही दोरी असते. विचारलं की ती थांबते, पण मनाने नव्हे, दोरीने. तिला जाऊ देणं हाच तिचा मान.

मी विरुद्ध बाजू. म्हटलं, “आणि तिला विचारलेलं हवं असेल तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे ती वाटच बघत असेल तर? याने एकदा तोंड उघडावं म्हणून?”

तो पानाकडे बघत होता. माझ्याकडे नाही. म्हणाला, “तसं बुवांनी लिहिलेलं नाही.”

“बुवांना काय कळतंय! ते बसलेत खुर्चीत. कुठल्या बाईला विचारून लिहिलंय हे?”

“शुभा, त्यांनी शेकडो बायका बघितल्या. जायचं ठरवलेली बाई अडकून पडली की तिचं काय होतं ते त्यांना माहीत होतं.” त्याचा आवाज विचित्र झाला. “नियम बरोबर आहे. अवघड आहे. पण बरोबर आहे.”

मी पान ओढून घेतलं. “पुढे काय लिहिलंय?”

“पुढचं हर्बकडे आहे.”

मग मी ओट्याशी जाऊन भांडी आपटली. एवढं समोर ठेवलं! जवळजवळ ताटात वाढून दिलं! दगडावर पाणी. बुवांचा नियम त्याला किती सोयीचा, नाही? न विचारणं आधी नुसती सवय होती, आता शास्त्र झालं.

२ ऑगस्ट

अनिकाचा फोन. “मॉम, यू हॅव टू टेल हिम. लाइक, आय मीन, आजच.”

“सांगते गं.”

“काय प्रॉब्लेम आहे? आर यू होपिंग ही स्टॉप्स यू?”

मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

१० ऑगस्ट

सांगितलं. आमटीला फोडणी देताना, पाठ करून. बेलव्ह्यू, नोकरी, ऑगस्टअखेर, एकटी. गॅस बंद करून वळले.

तो म्हणाला, “हं.”

मग म्हणाला, “गॅरेजमध्ये बॉक्स आणून ठेवलेत. डबल वॉलवाले. पुस्तकांना चांगले.”

जाऊन बघितलं तर खरंच! भिंतीशी नीट रचलेले, टेपसकट. कधीचे आणले होते कुणास ठाऊक, त्यांच्यावर धूळ बसली होती. बायको चाललीय आणि हा खोक्यांची क्वालिटी सांगतोय! का जातेस, नाही. कधी येशील, नाही. आमटी मात्र दोनदा वाढून घेतली.

मी त्या धुळीवर बोटाने ‘धन्यवाद’ लिहून आले.

१७ ऑगस्ट

गुरुनाथ म्हणाला, “चल, जरा जाऊन येऊ.” पुलावर नेलं मला, पायी चालायच्या त्या नव्या पुलावर. पोरं सायकली चालवत होती, कुणाचं तरी वेडिंग फोटोशूट चाललं होतं. मध्यावर थांबला. खाली बोट करून म्हणाला, “ही सायोटो.”

मी वाट बघितली. पुढे काही नाही.

इतकी वर्षं रोज गाडीने ओलांडते मी ही नदी, नाव कधी डोक्यात बसलं नाही, ते खरं. पण आता? मी म्हटलं, “बुवांचा कागद लिहायला घेतोस की काय?” टोमणा होता. तो हसला नाही. कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. काय होतंय तुला, असं विचारणार होते. मग वाटलं, मीच का? जन्मभर मीच विचारलं. यावेळी नाही.

फोटोशूटवाली नवरी ओरडत होती, “बेब, लूक ॲट मी!” आणि तो बेब ड्रोनकडे बघत होता. होईल, सवय होईल तिलाही.

३१ ऑगस्ट

दीड दिवसाच्या गणपतीचं बादलीत विसर्जन झालं. मूर्ती अजून पूर्ण विरघळली नाही. आज निघाले. एअरपोर्टवर नेहमीसारखे फार लवकर पोचलो. बॅग उतरवली, हँडल वर करून माझ्या हातात दिलं. तोंड उघडलं त्याने. मी थांबले. खरंच थांबले! मागची गाडी हॉर्न वाजवत होती तरी थांबले.

त्याने तोंड मिटलं आणि डिकी बंद केली.

अट संपली. मी जिंकले म्हणायचं.

२१ सप्टेंबर, बेलव्ह्यू

ऑफिस चकाचक. लिफ्टमध्ये चढले की नव्वद टक्के आपलेच, कुणी पुण्याचं, कुणी हैदराबादचं, आणि सगळे एकमेकांशी घसा बसेपर्यंत इंग्रजी बोलतात. अनिका रविवारी येते, माझ्या फ्रिजमधलं खाते, ‘मॉम, आर यू थ्रायव्हिंग?’ विचारते. मी म्हणते, थ्राइव्ह करतेय बाई.

करतेच आहे. हवं तेव्हा जेवते. सकाळी अंधारात निघते, संध्याकाळी बाल्कनीचा पडदा ओढलेलाच असतो तो तसाच ठेवून झोपते. कुणी बदकाचा खिळा काढत नाही.

फक्त टोमणा मारायला समोर कुणीतरी लागतं. परवा मायक्रोवेव्हला म्हटलं, “झालं का तुझं?” त्याने निदान उत्तर तरी दिलं.

११ ऑक्टोबर

गुरुनाथचा व्हॉट्सॲप. आल्यापासूनचा पहिला! ‘हर्ब घरी आला. पुढचं पान वाचलं.’ खाली पानाचा फोटो. बाकी एक अक्षर नाही. वाटलं, आता मला घटस्फोटशास्त्राचा पोस्टल कोर्स. दुपारभर उघडला नाही. मग उघडला.

बुवा म्हातारपणी लिहितात, मागच्या पानावरचा नियम मी खोडतो आहे. तो मी लिहिला तेव्हा फ्रुमेट माझं घर सोडून बहिणीकडे निघाली होती. तिचा मान राखायचा म्हणून मी काही विचारलं नाही. ती दारात उभी राहून गाठोडं बांधत होती. बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. मी मनात म्हटलं, हिला गाठ जमत नाही. अरे मूर्खा, ती पिसं विकणारी बाई, जन्मभर पोती बांधली तिने! गाठ तिला येत होती. ती वाट बघत होती. माझ्या भीतीला मी मान असं नाव दिलं. माझ्यामागून वाचणाऱ्यांनी हा नियम पाळू नये.

तीनदा वाचलं. बुवांना शिव्या द्यायला तोंड उघडलं तर रडूच आलं. कुणासाठी रडतेय ते कळेना.

१२ ऑक्टोबर

आत्ता फोन आला. हॅलो नाही, काही नाही. नुसता श्वास. हर्बचं कानातलं मशीन कुठेतरी मागे शिट्टी मारत होतं. मग गुरुनाथ म्हणाला, “शुभा, त्या बाल्कनीतून काय दिसतं गं तुला?”

मी त्याला बाल्कनीबद्दल कधीच सांगितलं नव्हतं.

ग्रुपवरचा तो फोटो फेब्रुवारीत आला होता. रविवारी. हा लायब्ररीत, कायद्याच्या पुस्तकांपुढे गेला तो त्याच आठवड्यातल्या बुधवारी.

फोन कानाशी धरून मी पडदा सरकवला. मी स्वतःही अजून बघितलं नव्हतं.